रेडियमच्या चांदण्या आणि ताईचा बॅज

भाच्याच्या खोलीत छताला प्लास्टिकच्या फिकट हिरव्या चांदण्या चिकटवल्यात. दिवा घालवला की त्या चमकायला लागतात आणि तो झोपेपर्यंत हळूहळू मंद होत जातात. आपण सगळे त्यांना रेडियमच्या चांदण्या म्हणतो. नंबरप्लेटवर रेडियम, सायकलच्या मडगार्डवर रेडियम, एसटी स्टँडसमोर "रेडियम आर्ट"चं दुकान, अंधारात चमकेल ते सगळं रेडियम. गेल्या मे महिन्यात ताईकडे गेलो होतो तेव्हा त्याने झोपता झोपता विचारलं, "मामा, रेडियम म्हणजे ते मेरी क्युरीवालं ना? मग ते डोक्यावर लावलेलं चालतं?" सहावीतल्या पोराला हे सुचलं याचं मला फार बरं वाटलं. त्या रात्री जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथे नीट लिहितोय.

तर पहिली गोष्ट, त्या चांदण्यांत रेडियम नसतं. खरं रेडियम घड्याळाच्या काट्यांना लावायचे त्याला आता शंभर वर्षं झाली. झिंक सल्फाइडच्या पुडीत कणभर रेडियम मिसळायचे, रेडियम सतत किरण सोडणार आणि ती पूड सतत चमकणार, उजेड दाखवायचीही गरज नाही. अमेरिकेत हा रंग लावणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या आणि त्यातल्या कित्येक जणी त्यापायी गेल्या. तो रंग कधीच बंद झाला, शब्द तेवढा आपल्या तोंडात राहिला. नंबरप्लेटवरचं रेडियम तर स्वतः चमकतही नाही, मागच्या गाडीचा हेडलाइट परत फेकतं एवढंच. छतावरच्या चांदण्यांमध्ये हल्ली असते ती स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट नावाची पूड, आणि त्यात अगदी थोडं युरोपियम आणि डिस्प्रोसियम मिसळलेलं असतं. हे मिश्रण १९९०च्या दशकात जपानमध्ये तयार झालं आणि आधीच्या झिंक सल्फाइडपेक्षा ते कितीतरी जास्त वेळ चमकतं.

यातलं डिस्प्रोसियम लक्षात ठेवा, कारण ताई तालुक्याच्या हॉस्पिटलात एक्सरे टेक्निशियन आहे आणि कामावर असताना तिच्या छातीवर जो छोटा प्लास्टिकचा बॅज लावलेला असतो, ज्याला सगळे टीएलडी बॅज म्हणतात, त्याच्या आतसुद्धा तेच डिस्प्रोसियम असतं. चांदणी दिवसभराचा उजेड साठवते, बॅज तीन महिन्यांचं रेडिएशन साठवतो. आतली करामत एकच.

ती करामत अशी. कुठल्याही घन पदार्थात इलेक्ट्रॉन आपापल्या अणूपाशी बसलेले असतात. एक्सरे किंवा गॅमा किरण आत घुसला की तो काही इलेक्ट्रॉनना जागेवरून उडवतो, ते मोकळे होऊन पदार्थात भटकतात आणि बहुतेक सगळे लगेच परत जागेवर येतात. पण कुठलाही स्फटिक शंभर टक्के निर्दोष नसतो, कुठे एखादा अणू गायब असतो, कुठे परका अणू येऊन बसलेला असतो, आणि अशा जागी भटका इलेक्ट्रॉन अडकतो. आमच्याकडे कोकणात जांभ्याचा कातळ असतो, सडा म्हणतात त्याला, ज्याने पावसाळ्यानंतर सडा बघितलाय त्याला हे पटकन कळेल. पाऊस पडतो तेव्हा बहुतेक पाणी वाहून जातं, पण कातळात लहानमोठे खळगे असतात त्यात थोडं साचतं. उथळ खळगा ऊन पडलं की तासाभरात सुकतो, खोल खळग्यात मात्र दिवाळी झाली तरी पाणी असतं. पाऊस किती झाला ते कुणी मोजलं नसेल, तरी खोल खळग्यातलं पाणी मोजलं की अंदाज येतो.

चांदणीतले खळगे उथळ आहेत. घरातल्या साध्या उबेनेच इलेक्ट्रॉन त्यातून सुटत राहतात, म्हणून ती रात्री आपोआप चमकते आणि सकाळपर्यंत रिकामी होते. बॅजमधले खळगे खोल आहेत, त्यातला इलेक्ट्रॉन महिनोन्महिने हलत नाही, त्याला बाहेर काढायला सव्वादोनशे डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं. सुटलेला इलेक्ट्रॉन आपल्या जागी परत जाताना ऊर्जा टाकतो, शेजारी बसलेला डिस्प्रोसियमचा अणू ती उचलतो आणि प्रकाश म्हणून बाहेर सोडतो. जेवढं रेडिएशन लागलं तेवढे इलेक्ट्रॉन अडकले, जेवढे अडकले तेवढा प्रकाश. याला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात आणि टीएलडी मधला टीएल तोच, डी म्हणजे डोसिमीटर, डोस मोजणारा. हा प्रकार लोकांना फार आधीपासून माहीत होता, रॉबर्ट बॉइलने १६६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवलं होतं की एक हिरा अंधारात अंगाशी धरून गरम केला की तो मंद चमकतो. तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीत नव्हता, रेडिएशनही नाही, पण त्याने बघितलं आणि जसंच्या तसं लिहून ठेवलं.

मग डिस्प्रोसियमच का? युरोपियम, टर्बियम, सेरियम, समेरियम, ही सगळी मंडळी एका घराण्यातली, रेअर अर्थ किंवा पाठ्यपुस्तकात दुर्मिळ मृदा म्हणतात ती, एकूण १७ मूलद्रव्यं. त्यातल्या चार जणांची नावं तर स्वीडनमधल्या इटरबी नावाच्या एकाच गावावरून पडलीत: इट्रियम, इटर्बियम, टर्बियम, अर्बियम. डिस्प्रोसियम सापडलं १८८६ मध्ये फ्रान्समध्ये, आणि वेगळं काढताना इतका त्रास झाला की नावच ग्रीकमधून "हाती लागायला अवघड" अशा अर्थाचं ठेवलं. त्यांना प्रकाशासाठी मुद्दाम निवडतात याचं कारण त्यांच्या आतल्या मांडणीत आहे. जुन्या वाड्यात कसं, आधी ओटी, मग पडवी, आणि आत माजघर. ओटीवर येणाऱ्याजाणाऱ्यांचा गलका, भांडणं, वसुलीवाले, सगळं, पण माजघरात त्यातलं फार काही पोचत नाही. या मूलद्रव्यांचे जे इलेक्ट्रॉन प्रकाश देतात ते फोर-एफ नावाच्या आतल्या कप्प्यात असतात, म्हणजे माजघरात, आणि त्यांच्या बाहेर दुसऱ्या इलेक्ट्रॉनांची ओटी असते जी आजूबाजूच्या अणूंची ढकलाढकल अंगावर घेते. त्यामुळे टर्बियम काचेत घाला, स्फटिकात घाला, पाण्यात विरघळवा, तो हिरवाच चमकणार, साधारण ५४५ नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, प्रकाशाचा रंग त्यात मोजतात). युरोपियम लाल, डिस्प्रोसियम निळसर आणि पिवळा असे दोन. रंग ठरलेला आणि रेघ बारीक, त्यामुळे नेमका तोच प्रकाश पकडायला फिल्टर आणि सेन्सर निवडणं सोपं जातं.

अपवाद सेरियम. त्याचा इलेक्ट्रॉन ऊर्जा मिळाली की माजघरातून उडी मारून थेट ओटीवर येतो, त्यामुळे त्याचा रंग आजूबाजूच्या पदार्थाप्रमाणे बदलतो (चांदणीतला युरोपियमही अशीच उडी मारतो, म्हणून तिथे तो लाल नाही, हिरवा). पण सेरियमचा एक मोठा फायदा आहे. बाकीच्यांची उडी माजघरातल्या माजघरात असते आणि क्वांटमच्या नियमाने ती वाट जवळपास बंद असते, म्हणून ते रेंगाळत, मिलिसेकंदाच्या हिशोबात प्रकाश सोडतात. सेरियमची वाट मोकळी, तो सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास प्रकाश देऊन मोकळा. पुढे काचेच्या भागात हे कामी येणार आहे.

आणि नावात दुर्मिळ असली तरी ती खरंच दुर्मिळ नाहीत, सेरियम तर जमिनीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. फक्त एका जागी दाट सापडत नाही आणि एकमेकांपासून सुटत नाही. आपल्या देशात ती मुख्यतः मोनाझाइट नावाच्या वाळूत मिळतात, केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्र अशा किनाऱ्यांवर. (रत्नागिरीची काळी वाळू वेगळी, तिच्यात मुख्य इल्मेनाइट.) केरळच्या मोनाझाइटची गोष्ट मला फार आवडते. १९०९ मध्ये एका जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते सापडलं. तेव्हा त्याला मागणी होती ती पेट्रोमॅक्ससारख्या गॅसच्या दिव्यांच्या मेंटलसाठी. मेंटल म्हणजे ती पांढरी जाळी, गावच्या जत्रेत, दशावतारात जी फुरफुरत असायची ती, ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम ऑक्साइड. दोन्ही त्याच वाळूतले. आणि ते थोरियम किरणोत्सारी असल्यामुळे कोल्लमजवळच्या किनाऱ्यावर नैसर्गिक रेडिएशन नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. म्हणजे ज्या वाळूतून रेडिएशन मोजायचा माल निघतो ती वाळू स्वतःच रेडिएशन सोडते, निसर्गाने दोन्ही एकत्रच ठेवलंय.

आता ताईचा बॅज उघडून बघू. बाहेर प्लास्टिकची छोटी कॅसेट, मागे क्लिप. आत एक पातळ अॅल्युमिनियमची पट्टी, निकेलचा मुलामा दिलेली, आणि तिच्यावर तीन गोल चकत्या बसवलेल्या. चकती १३ मिलिमीटरच्या थोडी वर, जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी, रंग पांढरट, हात लावला तर मेणासारखी गुळगुळीत लागते कारण तिचा तीन चतुर्थांश भाग टेफ्लॉन आहे, नॉनस्टिक तव्याला असतं तेच. उरलेला पाव भाग म्हणजे डिस्प्रोसियम घातलेलं कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम सल्फेट तुम्हाला माहीत आहे, पीओपी त्याचाच, बाजारातले बरेच गणपती त्याचेच. फक्त इथे ते पाण्याचा अंश पूर्ण काढलेलं असतं आणि हजार कॅल्शियममागे एखाददुसऱ्याच्या जागी डिस्प्रोसियम बसवलेला असतो. गरम सल्फ्युरिक अॅसिडमध्ये दोन्ही विरघळवायचं, अॅसिड उडवून टाकायचं, मागे स्फटिक राहतात, ते दळायचे, चाळायचे, भट्टीत भाजायचे. हे मिश्रण जपानमध्ये १९७०च्या आसपास पुढे आलं आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने, म्हणजे बार्कने, त्याच्यावर आपला स्वतःचा बॅज बनवून १९७५ पासून जुन्या फिल्म बॅजच्या जागी आणला. फिल्म दमटपणाने आणि उन्हाने खराब व्हायची, आपल्या हवेत ती टिकायची नाही.

एक चकती का नाही, तीन का? कारण कॅल्शियम आणि गंधक हे आपल्या शरीरातल्या कार्बन, ऑक्सिजनपेक्षा जड अणू आहेत, आणि कमी ऊर्जेचे एक्सरे जड अणूंना जास्त अडकतात. म्हणजे एक्सरे रूममध्ये ही चकती शरीरापेक्षा कितीतरी जास्त रेडिएशन पिते आणि आकडा फुगतो. हा या मालाचा खरा दोष आहे. त्यावर उपाय म्हणून एका चकतीवर तांबं आणि अॅल्युमिनियमचा पत्रा, दुसरीवर प्लास्टिक आणि तिसरी उघडी. मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे किरण पत्र्याला अडतात, कडक किरण आरपार जातात, बीटा किरण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, उघड्या चकतीतच जास्त दिसतात, त्यामुळे तीन आकड्यांच्या आपसातल्या प्रमाणावरून कुठल्या प्रकारचं रेडिएशन होतं ते कळतं आणि मग दुरुस्ती करून खरा डोस, म्हणजे शरीराला किती लागलं ते, काढतात. एका दोषातून उलट माहिती काढून घेतलीय, आणि तीही तीन चकत्या आणि पत्र्याच्या तुकड्यावर. मला हे फार मोठं डोकं वाटतं.

तीन महिने झाले की बॅज वाचायला जातो, बार्कने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत. रीडर मशीनमध्ये चकतीवर गरम नायट्रोजनचा झोत सोडतात, साधारण २८५ डिग्री, अर्धा मिनिट. नायट्रोजन अशासाठी की हवेतल्या ऑक्सिजनमुळे भलताच प्रकाश निघू नये. समोर फोटोमल्टिप्लायर नावाची नळी असते जी डोळ्याला दिसणार नाही इतका मंद उजेडही मोजते. चकती तापते, आधी अंधार, मग प्रकाश चढत जातो, शिखर गाठतो, उतरतो, संपला. त्या उंचवट्याच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे ताईचा तीन महिन्यांचा डोस. ही जी रेघ उमटते तिला ग्लो कर्व्ह म्हणतात, आणि त्या तीन महिन्यांची ती रेघ एकदाच उमटते. एकदा तापवलं की खळगे रिकामे झाले, पुन्हा वाचायचं म्हटलं तर काही शिल्लक नसतं.

आकडे किती असावेत? अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा अशी की रेडिएशनचं काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसाला कामाच्या रेडिएशनमधून वर्षाला १. तुलनेसाठी सांगतो, नुसतं पृथ्वीवर राहून जगाच्या सरासरीने वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, आणि छातीचा एक एक्सरे ०.१ पेक्षा कमी असतो. ताईचे आकडे नेहमी अगदी कमी येतात, आणि तसेच यायला हवेत.

पण हे सगळं बॅज नीट वापरला तर. आणि इथे मला मनापासून राग येतो. एका हॉस्पिटलात, नाव घेत नाही, मी स्वतः बघितलंय की चार जणांचे चार बॅज एक्सरे रूमच्या आतच एका खिळ्याला टांगलेले, "हरवायला नकोत म्हणून". म्हणजे प्रत्येक एक्सरेला ते बॅज मशीनसमोर बसून रेडिएशन खातात आणि जे कुणाच्या अंगाला लागलंच नाही ते कुणाच्या तरी नावावर चढतं. दुसरीकडे बॅज कपाटात आणि माणूस कामावर, मग रिपोर्ट कोरा येतो आणि सगळे खूश. तिसरा प्रकार एप्रन धुवायला टाकताना बॅज खिशात राहतो. बॅज छातीवर लावायचा, लेड एप्रन घातला असेल तर त्याच्या आतून लावायचा, कारण आपल्याला शरीराला किती लागलं ते हवंय, एप्रनला किती लागलं ते नकोय. आणि प्रत्येक हॉस्पिटलला एक कंट्रोल बॅज येतो, तो कुणीच लावायचा नाही, रेडिएशनपासून लांब ठेवायचा, कारण प्रवासात आणि ठेवणीत आपोआप जमलेलं नैसर्गिक रेडिएशन तो सांगतो आणि ते इतरांच्या आकड्यातून वजा होतं. हा कंट्रोल बॅजच एक्सरे रूममध्ये ठेवला तर सगळ्यांचेच आकडे चुकीचे कमी दिसणार. बॅज बीप करत नाही, लाल दिवा लावत नाही, तो गप्प बसून लिहीत असतो. त्याला भलत्या जागी ठेवलं तर तो भलत्या जागेची नोंद करतो.

आता काच. वर सगळं स्फटिकाच्या पुडीबद्दल झालं, पण रेअर अर्थ काचेत घालून रेडिएशन पकडायचं हे एक वेगळंच मोठं काम चालू असतं. स्फटिक मोठा आणि स्वच्छ हवा असेल तर तो दिवसेंदिवस भट्टीत सावकाश वाढवावा लागतो. काच मात्र वितळवा आणि ओता, हवा तो आकार, प्लेट करा, ठोकळा करा, तार ओढून फायबर करा, आणि आरपार दिसते त्यामुळे आत निर्माण झालेला प्रकाश बाहेर येतो, पुडीसारखा आतच अडकत नाही. काचेत अणूंची रांग नसते, आठवडी बाजारात माणसं उभी असतात तसे अणू, जवळजवळ पण कुणाचा कुणाला धरबंध नाही. अशा गर्दीतही टर्बियम आपला हिरवा रंग सोडत नाही ते माजघरामुळे. तोटाही त्याच गर्दीचा आहे. रांग नाही म्हणजे लहानसहान खळगे जिथेतिथे, मोकळा झालेला इलेक्ट्रॉन रेअर अर्थच्या अणूपर्यंत पोचायच्या आधीच कुठेतरी पडतो, आणि त्यामुळे चांगल्या स्फटिकाच्या मानाने काचेतून प्रकाश बराच कमी निघतो. काचेवर काम करणाऱ्यांची निम्मी मेहनत हे नुकसान कमी करण्यात जाते.

तरी एका ठिकाणी काच स्फटिकांनाही भारी पडते, न्यूट्रॉन पकडायला. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, तो इलेक्ट्रॉनना ढकलतच नाही, अणुभट्टीजवळ किंवा प्लुटोनियम लपवून नेणाऱ्या ट्रकजवळ तो असतो पण साधा डिटेक्टर त्याला बघत नाही. तर काय करतात, काचेत लिथियम घालतात, तेही लिथियम-६. नैसर्गिक लिथियमात हा प्रकार साडेसात टक्के असतो, काचेसाठी तो वेगळा काढून ९५ टक्क्यांपर्यंत वाढवतात. मंद न्यूट्रॉन लिथियम-६ ला भेटला की तो गिळला जातो, अणू फुटतो, एक अल्फा कण आणि एक ट्रायटियमचा, म्हणजे जड किरणोत्सारी हायड्रोजनचा, कण दोन दिशांना सुटतात, दोघांची मिळून ऊर्जा ४.७८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि ते केसाच्या जाडीएवढंही अंतर न जाता तिथेच थांबतात. जाता जाता वाटेतले हजारो इलेक्ट्रॉन उडवतात. आणि त्या काचेत सेरियम असतं. तो ही ऊर्जा घेऊन ३९५ नॅनोमीटरच्या आसपास जांभळट निळा झगझगाट करतो, सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास सगळं संपलेलं. म्हणून सेरियम, एक न्यूट्रॉन मोजून व्हायच्या आत दुसरा आला तरी वेगळा मोजता येतो, तिथे रेंगाळणारा टर्बियम असता तर एकाचा प्रकाश दुसऱ्यात मिसळला असता. अशी काच दोनेक मिलिमीटर असली तरी मंद न्यूट्रॉन बहुतेक सगळे थांबतात आणि गॅमा किरण मात्र बरेचसे तसेच आरपार जातात, म्हणजे नको असलेला गोंगाट कमी.

याला २००८-०९ नंतर अचानक महत्त्व आलं. तोपर्यंत न्यूट्रॉन मोजायला हेलियम-३ वायूच्या नळ्या वापरायचे आणि हेलियम-३ येतो मुख्यतः अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रायटियमच्या क्षयातून. अमेरिकेने २००१ नंतर बंदरांवर आणि सीमांवर हजारो तपासणी कमानी उभ्या केल्या, मागणी भडकली, साठा संपत आला, आणि सगळे पर्याय शोधायला लागले. लिथियम काच त्या पर्यायांमध्ये होती.

सेरियमची काच बनवताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. सेरियम दोन रूपांत असतो, तीन इलेक्ट्रॉन दिलेला आणि चार दिलेला. प्रकाश देतो तो तीनवाला. चारवाला प्रकाश देत नाही, उलट काच पिवळी करतो आणि दुसऱ्याने दिलेला प्रकाश गिळतो. साध्या हवेत काच वितळवली की ऑक्सिजनमुळे बरेच जण चारवर जातात, म्हणून भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवतात. तेच सेरियम दुसऱ्या एका काचेत अगदी उलट कामाला लावलंय. अणुकेंद्रात जिथे अतिशय तीव्र किरणोत्सारी वस्तू रोबोटच्या हातांनी हाताळतात त्या खोल्यांना शिशाच्या काचेच्या प्रचंड जाड खिडक्या असतात. साधी काच तिथे काही काळात तपकिरी, मग काळी पडते, कारण तेच, इलेक्ट्रॉन खळग्यात अडकतात आणि अडकलेला इलेक्ट्रॉन रंग शोषतो. त्या काचेत सेरियम घातला की तो भटके इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो आणि काच काळी पडत नाही. म्हणूनच त्या खिडक्या किंचित पिवळ्या दिसतात. एकीकडे प्रकाश देणारा, दुसरीकडे काच स्वच्छ ठेवणारा, माणूस एकच.

रेंगाळणाऱ्या टर्बियमलाही त्याची जागा आहे. फोटो काढायचा असेल, म्हणजे एक्सरे इमेज, तर एकेक किरण मोजायचा नसतो, सगळा प्रकाश जमा झाला तरी चालतो. तिथे टर्बियम घातलेल्या काचेची प्लेट किंवा फायबरची जुडी वापरतात, एक्सरे पडला की हिरवा प्रकाश, आणि हिरवा रंग कॅमेऱ्याच्या सेन्सरला सोयीचा. फायबर असेल तर प्रकाश आजूबाजूला न पसरता सरळ खाली जातो आणि चित्र धारदार येतं, वेल्डिंगमधली भेग, ओतकामातली पोकळी असं शोधायला बरं. ताईच्या रूममधल्या जुन्या एक्सरे कॅसेटच्या आत पांढरा पडदा असायचा ना, तो गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडचा, त्यातही टर्बियमच, अंधारात एक्सरे पडला की तो हिरवा उजळायचा आणि फिल्मवर खरं तर तोच उजेड उमटायचा. एक्सरे थेट फिल्मवर फारच कमी उमटतो. त्या पडद्यामुळे पेशंटला कितीतरी कमी डोस लागायला लागला.

समेरियमचं काम मात्र मला सगळ्यात सुंदर वाटतं. समेरियम काचेत तीनच्या रूपात घालतात. रेडिएशन लागलं की भटका इलेक्ट्रॉन तो पकडतो आणि दोनचा होतो, आणि दोन्ही रूपांचा चमकण्याचा रंग वेगळा, एक नारिंगी-लाल, दुसरा आणखी गडद लाल. म्हणजे काचेच्या ज्या बिंदूला जेवढा डोस, तिथे तेवढा रंगबदल. कॅनडात सॅस्कटूनच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून फार तीव्र एक्सरे काढणाऱ्या मोठ्या यंत्रावर, कॅन्सरच्या एका प्रायोगिक उपचारासाठी ही काच तपासली गेली. तिथे एक्सरे कंगव्याच्या दातांसारखे बारीक पट्ट्यांत पाडतात, एकेक पट्टी मिलिमीटरच्या काही शतांश जाडीची, पट्टीत डोस प्रचंड आणि मधल्या फटीत अगदी कमी. इतक्या बारीक जागेत एवढा फरक मोजणारं साधन मिळणं अवघड. समेरियमची काच तिथे ठेवतात, मग मायक्रोस्कोपखाली एकेक बिंदूचा रंग वाचतात आणि कंगवा जसाच्या तसा दिसतो. काच तापवली की नोंद पुसली जाते आणि ती पुन्हा वापरता येते.

काचेच्या बॅजचं नाव निघालं की जपान आठवतो, पण तिथला बॅज रेअर अर्थचा नाही, चांदी घातलेल्या फॉस्फेट काचेचा आहे. चांदीची काच अतिनील प्रकाशात धरली की लागलेल्या डोसप्रमाणे नारिंगी चमकते, आणि तिचा मोठा गुण असा की वाचलं तरी नोंद पुसत नाही, शंका आली तर पुन्हा वाचा. २०११ च्या फुकुशिमाच्या अपघातानंतर तिथल्या मुलांना आणि गरोदर बायकांना गळ्यात घालायला हेच काचेचे बॅज दिले होते. आपल्या टीएलडीची किंमत कमी आणि संवेदनशीलता चांगली, पण एकदाच वाचता येतो ही उणीव खरी आहे, वादाचा आकडा आला तर दाखवायला ग्लो कर्व्हची रेघ असते, चकतीत काही नसतं. वाचून झालेल्या चकत्या २३० डिग्रीला चार तास भाजून अगदी कोऱ्या करतात आणि पुढच्या वेळी त्या आणखी कुणाच्या तरी छातीवर असतात.

ताईचा बॅज घरी वाचता येत नाही, पण चांदणी येते. दुसऱ्या दिवशी भाच्याला दोन चांदण्या छतावरून काढायला सांगितल्या. दोन्ही मोबाइलच्या टॉर्चखाली मिनिटभर धरल्या, एक टेबलावर ठेवली आणि दुसरी लगेच फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेच्या बाजूला. अर्ध्या तासाने खोली पूर्ण अंधारी केली. टेबलावरची बरीच मंदावली होती. फ्रीजरमधली आणली तर ती पहिल्यांदा जवळजवळ दिसतच नव्हती, तो म्हणाला, मामा, ही बंद पडली. मी म्हटलं मुठीत धर. धरली, वीस-तीस मोजले आणि मूठ उघडली, तर ती दुसरीपेक्षा कितीतरी जास्त हिरवी पेटली होती, आणि जिथे त्याचा अंगठा टेकला होता तिथे सगळ्यात जास्त.